बिनसाखरेचा

आमच्या कंपनीत दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आरोग्य तपासणीचा कॅम्प लागतो. कॅन्टीनमधली टेबलं भिंतीला लावतात, मधे एक निळा पडदा ओढतात आणि उपाशीपोटी आलेली माणसं बाह्या वर सारून रांगेत उभी राहतात. पलीकडे पोह्यांना फोडणी बसलेली असते, त्या वासाने सगळ्यांचीच चिडचिड होते. मी हा कॅम्प ९ वर्षं चुकवत आलो होतो. कधी नेमकी त्याच दिवशी रजा पडायची, कधी फॉर्म भरायचा राहून जायचा. यंदा एचआरने सक्ती केली. आठ दिवसांनी रिपोर्ट आले आणि एका तरुण डॉक्टर मुलीने मला समोर बसवलं. ‘तीन महिन्यांची सरासरी ५.२. छान आहे. मग इथे शुगरची हिस्टरी का लिहिलीय तुम्ही?’ मी म्हणालो, होती, बॉर्डरवर. कुणी सांगितलं? डॉक्टरांनी, २०१५ साली. तेव्हाचा रिपोर्ट आहे का? नव्हता. तिने माझ्याकडे जरा बघितलं, ‘चालता का रोज?’ विचारलं, मी हो म्हणालो, आणि तिने निळ्या पेनाने ती ओळ सरळ खोडली. पुढच्या माणसाला हाक मारली.

ती खोडलेली ओळ काही डोक्यातून जाईना.

दादा, माझा मोठा भाऊ, सांगलीजवळच्या साखर कारखान्यात टाइमकीपर. बीपीकडे दुर्लक्ष केलं, पायावर सूज यायला लागली ती ‘उभं राहून येते’ म्हणून सोडून दिली, आणि मग एक दिवस क्रिएटिनिनचा, म्हणजे किडन्या किती काम करतात ते सांगणारा, आकडा असा आला की टेक्निशियनने रक्त परत मागवलं. मिरजेला डायलिसिस सुरू झालं. सोमवार आणि गुरुवार, चार-चार तास. डाव्या हाताची रोहिणी आणि शीर जोडून फिश्चुला केला होता. तिथे बोट ठेवलं की आत काहीतरी गुरगुरायचं. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. तिने एकदा त्या हाताला कान लावला आणि जाहीर केलं, काकाच्या हातात मांजर आहे. दादा इतका हसला की वहिनींना रडू आलं. पाणी दिवसाला एक लिटर, त्यात चहा आणि आमटीसुद्धा धरायची. वहिनींनी एका बाटलीवर नेलपॉलिशने रेघा मारल्या होत्या, सकाळची, दुपारची, रात्रीची. सांगलीतला एप्रिल, पंखा नुसती गरम हवा ढकलतोय आणि दादा बर्फाचा एक खडा तोंडात धरून तो किती वेळ पुरवता येतो बघतोय, हे चित्र मला अजून फ्रिजचा वरचा कप्पा उघडला की दिसतं.

यादीत नाव घातलं होतं. मेंदूमृत दात्याची किडनी मिळावी म्हणून पुण्याच्या विभागीय केंद्रात नोंद होते आणि तिथे रक्तगटाप्रमाणे नंबर लागतो. दादाचा ओ. ओ गटाच्या माणसाला ओ गटाचीच किडनी चालते, त्यामुळे ही रांग लांब. एकदा खरंच फोन आला. रात्री साडेअकराला. काही खाऊ-पिऊ नका, लगेच निघा. शेजारच्याची सुमो काढून दादा-वहिनी निघाले, मी पुण्यातून थेट हॉस्पिटलात पोहोचलो. किडन्या दोन आणि बोलावलेली माणसं जास्त. कुणाचं रक्त दात्याच्या रक्ताशी भांडतं, कुणाचं नाही, हे कळेपर्यंत सगळ्यांनी एकाच बाकांच्या रांगेत बसायचं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. त्याच इमारतीत कुठेतरी वरच्या मजल्यावर एका माणसाची छाती यंत्रावर वरखाली होत होती, अंग गरम होतं आणि तरी तो गेलेला होता. चार डॉक्टरांनी सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून तसं लिहून दिलं होतं आणि त्याच्या घरच्यांनी त्या दोन तपासण्यांच्या मधल्या वेळात कधीतरी ‘हो’ म्हणायची तयारी केली होती. पहाटे आम्हाला सांगितलं, यावेळी नाही. परतताना कराडला चहाला थांबलो (मीही त्यांच्याबरोबर सांगलीला निघालो होतो, का ते आठवत नाही). दादाने अर्धा कप घेतला आणि म्हणाला, ‘तिकडं कुणाचं तरी घर बसलं असेल आज. आणि मी रात्रभर देवाकडं काय मागत होतो रे?’

त्यानंतर त्याने फोनची रिंग बदलून टाकली.

‘मरावे परी अवयवरूपी उरावे’ असं पोस्टर हॉस्पिटलच्या प्रत्येक जिन्यात होतं, आणि त्यावर दधीची ऋषी. मला त्या ऋषींचा राग यायचा. हाडं मागायला दारात प्रत्यक्ष इंद्र आला म्हटल्यावर दधीची नाही कसं म्हणणार, हा प्रश्न पोस्टर छापणाऱ्याला पडत नाही. आमच्या घरी इंद्र आला नव्हता. आमच्या घरी कुणीच काही मागत नव्हतं, आणि त्याचाच जास्त ताण होता.

आईचं वय एकाहत्तर आणि गट बी, ती बाद. ताईचाही बी. ओ गटाचे आम्ही दोघंच: मी आणि वहिनी. डॉक्टरांनी सांगितलं होतं की सख्ख्या भावंडांचं टायपिंग, म्हणजे पेशींवरच्या खुणा, पूर्णच्या पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. नवरा-बायकोत रक्ताचं नातंच नाही, तेव्हा जुळेल तेवढं जुळेल, बाकी औषधांवर. म्हणजे सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. आई माझ्या ताटात तूप जास्त वाढायला लागली. हिला विचारलं तर ही म्हणाली, ‘तू ठरव.’ दोनच शब्द, आणि मग पोरीच्या फ्रॉकला बटण लावत बसली. एकाच बटणाला किती टाके घालतेय ते मी मोजत होतो. मी ठरवलं. निदान सगळ्यांना तसं सांगितलं. दादाला फोन केला तर तो म्हणाला, ‘तू कशाला पडतोस त्यात, पोरगी लहान आहे तुझी.’ मी म्हणालो, गप्प बस.

हॉस्पिटलात पहिल्या तपासण्या झाल्या. रिकाम्या पोटी ग्लुकोजचं ते किळसवाणं गोड पाणी पिऊन दोन तास बसवलं, परत रक्त घेतलं. मग डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. साठीचे, बारीक अंगाचे, टेबलावर काचेचा पेपरवेट. रजा किती मिळेल, घरचं कर्ज किती, मुलगी केवढी, असं इकडचं तिकडचं विचारत राहिले. मग म्हणाले, ‘तुम्हाला स्वतःला द्यायची आहे ना?’ मी ‘हो’ म्हणालो. पण म्हणायच्या आधी मी त्या पेपरवेटमधला बुडबुडा बघितला. किती वेळ बघितला मला माहीत नाही, दोन सेकंद असेल, दहा असेल. त्यांनी मान हलवली, फाइल बंद केली. दोन दिवसांनी मी हॉस्पिटलच्या आवारातच होतो तेव्हा त्यांचा फोन आला. ‘तुमची शुगर बॉर्डरवर आहे. आज तुमची घेतली आणि पंधरा वर्षांनी तुम्हालाच कमी पडली तर? आम्ही तुम्हाला घेत नाही. घरच्यांना मीच सांगतो.’ आणि त्यांनी सांगितलंही. फाइल त्यांच्याकडेच राहिली. आकडा किती होता ते मी विचारलं नाही.

मला काय वाटलं ते लिहायला बसलो की हात थांबतो, म्हणून काय केलं तेवढंच सांगतो. गेटबाहेर रसवंती होती. चरकाला बांधलेले घुंगरू वाजत होते. मी लिंबू-आलं घातलेला उसाचा रस मागितला आणि एका दमात प्यालो. मग दुसरा ग्लास मागितला. दोन मिनिटांपूर्वी ज्याला शुगर आहे असं सांगितलं गेलं होतं, असा मी माणूस. दुसरा ग्लास अर्धा झाल्यावर लक्षात आलं, फेस ओठाला तसाच राहिला. त्या दिवसापासून बिनसाखरेचा चहा सुरू केला. रोज पाच किलोमीटर चालायला लागलो. भेटेल त्याला शुगर सांगायला लागलो.

मग वहिनींचं टायपिंग झालं, क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचं रक्त भांडतं का ते बघणं, तेही झालं, एकेक दार उघडत गेलं. प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे मुलाखत होती. नवरा-बायको असल्याचा पुरावा म्हणून लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, आणि लग्नाचे फोटोसुद्धा. अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदा येण्याआधी मुंबई-मद्रासकडे किडनीचा जवळजवळ उघड बाजार होता. चेन्नईच्या विल्लिवाक्कमला लोक किडनीवाक्कम म्हणू लागले होते. खोटी बायको, खोटा भाऊ उभा करून पुढेही व्यवहार झाले, रॅकेट पकडली गेली. २०११ च्या दुरुस्तीनंतर अवयवाच्या सौद्याला पाच ते दहा वर्षांची कैद आणि २० लाख ते एक कोटी रुपये दंड आहे. हे सगळं पटतं. तरी वहिनी तो जाडजूड अल्बम साडीच्या पिशवीत घालून घेऊन आल्या तेव्हा मला कसंतरी झालं. मखमली कव्हर, पानांमधे जाळीचा कागद, मुंडावळ्यांमधून डोळे मिचकावणारा दादा, आणि कोपऱ्यात करवला म्हणून हातात नारळ घेऊन उभा असलेला शाळकरी मी. समितीतल्या बाईंनी पानं उलटली. कॅमेरा सुरू होता, या मुलाखतीचं चित्रीकरण करावं लागतं. ‘तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?’ वहिनी म्हणाल्या, नाही. लगेच म्हणाल्या. त्यांनी पेपरवेट-बिपरवेट काही बघितलं नाही.

मी पुष्कळ दिवस त्या ‘नाही’वर विचार करत होतो. सांगलीच्या एका घरातली बाई, दहावी शिकलेली, ब्लाउज शिवते, पदरात दोन मुलं, सासू समोर बसलेली, दीर शुगरने बाद. ती ‘हो, आहे दबाव’ असं म्हणणार कशी? देशात १९९५ ते २०२१ मध्ये झालेल्या प्रत्यारोपणांत अवयव मिळालेल्या दर पाच जणांत चार पुरुष आहेत, आणि जिवंतपणी देणाऱ्यांमध्ये बहुसंख्य बायका. हा आकडा मी एका दुपारी ऑफिसात वाचला आणि तिथल्या तिथे त्यावर एका मित्राला लांबलचक मेसेज लिहिला, स्त्रीच्या संमतीला आपल्याकडे अर्थच कुठे असतो वगैरे. मित्राने अंगठा पाठवला. आज तो मेसेज वाचवत नाही. म्हटलेलं खोटं होतं म्हणून नव्हे.

ऑपरेशन चांगलं झालं. डावी घेतात, तिची शीर लांब असते. ती बसवतात मात्र पोटात खाली उजव्या अंगाला. जुन्या दोन्ही तशाच जागच्या जागी. म्हणजे दादाच्या पोटात आता तीन आहेत, पैकी दोन निवृत्त. टेबलावरच लघवी सुरू झाली असं डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले आणि आईने त्या शब्दाला हात जोडले. दादाच्या चेहऱ्यावर तिसऱ्या दिवशीच रंग आला. दुखत होतं ते वहिनींना. देणाऱ्याला घेणाऱ्यापेक्षा जास्त दुखतं, हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. दादाच्या काचेबाहेर शहाळी, फळं, फोनची रांग. वहिनी दोन मजले खाली, कुशीवर हात धरून, खोकला आला की उशी पोटाशी दाबणाऱ्या. मी एकदा गेलो तर पलंगाजवळ भेटायला आलेलं कुणी नव्हतं, फक्त मावशी लादी पुसत होत्या. सहाव्या दिवशी त्यांना घरी सोडलं आणि तिसऱ्या आठवड्यात त्या भाकरी थापत होत्या. केंद्र सरकारच्या नोकरदाराने अवयव दिला तर आता ४२ दिवसांची विशेष रजा मिळते. शिलाई मशीनला कोण रजा देणार? दादाची औषधं, पातळ्या, तारखा फ्रिजवर चिकटवलेल्या असतात. देणाऱ्याचंही वर्षातून एकदा बीपी, क्रिएटिनिन, लघवी बघायची असते. ते कुठे चिकटवलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी वहिनींनी आरोग्य विमा काढायचा म्हटलं तर एजंटाने फोनवर विचारलं, ‘किडनी कशानं काढली?’ काढली नाही, दिली, असं त्या दोनदा म्हणाल्या. त्याच्या फॉर्मवर ‘दिली’ला रकाना नव्हता.

आणि दर दिवाळीला सांगलीहून साखर येते. वडिलांच्या नावचा कारखान्याचा शेअर आहे, त्यावर सवलतीची. वहिनी त्यातली पाच किलो वेगळी बांधून पुण्याला पाठवतात आणि फोन करतात, ‘भाऊजी, तुमच्यासाठी नाही हां, पोरीसाठी.’

कॅम्पनंतर मी वाचत सुटलो. तेव्हा कळलं की माझ्या बाबतीत जे झालं असावं त्याची एक रीतच आहे. प्रत्यारोपण करणारे डॉक्टर दात्याला एकट्याला गाठतात. त्याचं मन नसेल तर घरच्यांना तसं न सांगता ‘वैद्यकीय दृष्ट्या योग्य नाही’ एवढंच कळवतात. तो माणूस उरलेलं आयुष्य त्याच घरात काढणार असतो, म्हणून. वाचताना पहिल्या यशस्वी किडनी प्रत्यारोपणाची गोष्टही भेटली. २३ डिसेंबर १९५४, बोस्टन. हेरिक नावाचे जुळे भाऊ. रिचर्डच्या किडन्या गेलेल्या, रोनाल्डने आपली द्यायचं ठरवलेलं. निरोगी माणसाला कापून दुसऱ्याला जगवायचं हे तोवर यशस्वीपणे कुणी केलेलं नव्हतं. आदल्या रात्री रिचर्डने भावाला चिठ्ठी पाठवली, तू घरी निघून जा. रोनाल्डने उलट कळवलं, मी इथेच आहे आणि इथेच राहणार. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षं जगला, शुश्रूषा करणाऱ्या नर्सशी लग्न केलं. रोनाल्ड एका किडनीवर २०१० पर्यंत. मला त्यातली ती चिठ्ठीच पुन्हा पुन्हा दिसते. दादानेही फोनवर तेच सांगितलं होतं, पोरगी लहान आहे तुझी.

असावं, म्हणतोय. कारण शुगर खरंच बॉर्डरवर असेल आणि ९ वर्षांच्या चालण्याने, बिनसाखरेच्या चहाने उतरली असेल, हेही होऊ शकतं. ते डॉक्टर आता नाहीत. फाइल मागायला जाता येईल. गेलो नाही.

गणपतीला सांगलीला गेलो ते खिशात तो रिपोर्ट घडी करून. पपनसं घेऊन गेलो होतो, सासुरवाडीची, रत्नागिरीकडची. ती नुसती नैवेद्याला. दादाला चालत नाहीत, शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून तो टॅक्रोलिमस घेतो, त्याची रक्तातली पातळी पपनसाने चढते. वहिनींनी साल सोलून एकेक गुलाबी फोड बाजूला ठेवली, दादा लांबूनच वास घेऊन म्हणाला, ‘झालं माझं खाऊन.’ दुसऱ्या दिवशी सकाळी तो आत झोपाळ्यावर पेपर वाचत होता, मी स्वयंपाकघरात पाटावर. वहिनींनी आधी माझा चहा गाळला, ९ वर्षं गाळतात तसा, आणि मग पातेल्यात बाकीच्यांसाठी साखर घालायला डबा काढला.

‘वहिनी, आज माझ्यातही घाला.’

‘का हो?’ त्यांनी वळून बघितलं नाही.

‘तपासणी झाली. नॉर्मल आहे सगळं.’

‘बरं झालं की.’

मी म्हणालो, ‘तेव्हाही असेल कदाचित.’ हे वाक्य मी पुण्याहून येताना एसटीत खूप वेळा जुळवलं होतं, त्यात पुढेही काही होतं. ते आलं नाही. वहिनी चमच्याने पातेलं ढवळत राहिल्या. आलं जरा जास्त पडलं होतं, डोळ्यांत वास जात होता.

‘मला पण बसवलेलं की डॉक्टरांनी एकटीला,’ त्या म्हणाल्या. ‘नको असंल तर आत्ता सांगा म्हणाले. बाहेर मी बीपी निघालं म्हणून सांगतो, कुणाला कळायचं नाही.’

‘मग?’

‘मग काय. मला कुठं होतं बीपी?’

आतून दादाच्या फोनचा नऊचा गजर वाजला. नऊ आणि नऊ, दिवसातून दोनदा, चुकवून चालत नाही. वहिनींनी गॅस बारीक केला, कपाटावरचा गोळ्यांचा डबा घेतला, तांब्या उचलला. जाता जाता साखरेचा डबा उघडाच माझ्यापुढे सरकवला.

‘तुमचं तुम्ही घ्या घालून. किती लागते ते मला नाही माहीत.’